कानांनी वाचायची पुस्तके

वाचकहो, पुस्तक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छापील पाने उभी राहतात. पुस्तक डोळ्यांनी वाचायचे असते हे आपण धरूनच चालतो. पण जरा मागे वळून पाहा. आपल्या खेड्यापाड्यांतून पुस्तके जितकी वाचली गेली, त्याहून कितीतरी अधिक ऐकली गेली. चातुर्मासात देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लागायची. एकजण वाचायचा, पंचवीसजण ऐकायचे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ ज्यांच्या तोंडी होता, त्यांतल्या कितीतरी आयाबायांना अक्षरओळखही नव्हती. खुद्द ज्ञानेश्वरी आधी सांगितली गेली आणि मग लिहिली गेली. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी ती सांगितली व सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली, अशी परंपरा आहे.

तेव्हा कानांनी पुस्तक वाचणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. नवे आहे ते एवढेच, की वाचणारा माणूस आता ओसरीवर बसलेला नसतो. तो तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असतो आणि तुम्हाला सवड होईल तेव्हा वाचू लागतो. अशा पुस्तकाला कोणी ‘श्राव्य पुस्तक’ म्हणतात, कोणी ‘ऑडिओ बुक’ म्हणतात. आपण इथे साधा शब्द वापरू, बोलके पुस्तक.

या बोलक्या पुस्तकाविषयी मला तुमच्याशी एका विशिष्ट अंगाने बोलायचे आहे. ते विकत मिळते, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. पण वाचनालयातून आपण जसे पुस्तक बदलून आणतो, तसे ते उसने मिळते का? आणि मिळत नसेल, तर मिळावे म्हणून तुम्हा-आम्हाला काय करता येईल?

बोलके पुस्तक म्हणजे नेमके काय?

दोनशे पानांचे एक मराठी पुस्तक घ्या. पानावर अडीचशे शब्द धरले, तर एकंदर पन्नास हजार शब्द झाले. चांगला वाचक सावकाश, अर्थ पोहोचेल अशा बेताने वाचू लागला, तर मिनिटाला सुमारे 120 शब्द होतात. म्हणजे हे पुस्तक संपायला सात तास लागतील. हे सात तासांचे वाचन शांत खोलीत ध्वनिमुद्रित करायचे, चुका काढून टाकायच्या आणि प्रकरणवार तुकडे पाडायचे. झाले बोलके पुस्तक.

ते मोबाइलमध्ये किती जागा अडवते? सर्वसाधारण चांगल्या दर्जाने साठवले, तर तासाला सुमारे 29 एमबी, म्हणजे आपले सात तासांचे पुस्तक 200 एमबींत बसते. नुसता बोलण्याचाच आवाज असेल आणि संगीत नसेल, तर याच्या निम्म्या जागेतही काम भागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुस्तक एकदा मोबाइलवर उतरवून घेतले, की ऐकताना इंटरनेट लागत नाही. तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, जिथे चांगली रेंज आहे तिथे ते भरून घ्यावे आणि मग डोंगराआडच्या वस्तीवर निवांत ऐकावे. 32 जीबीच्या एका नखाएवढ्या मेमरी कार्डावर अशी दीडशेहून अधिक पुस्तके मावतात.

रेडिओवरही आपण कथा-कादंबऱ्यांची वाचने ऐकत आलो आहोत. मग दोन्हींत फरक काय? रेडिओ आपल्या वेळेला बोलतो आणि आपण त्याच्या वेळेला हजर राहायचे. बोलके पुस्तक उलट तुमच्या वेळेची वाट पाहते. मधेच गुरे सोडायची झाली, तर बटण दाबून थांबवा. परत आल्यावर ते नेमके त्याच वाक्यापासून पुढे सुरू होते.

ही कल्पना मूळची कोणासाठी?

थॉमस एडिसनने 1877 साली फोनोग्राफ तयार केला. दुसऱ्याच वर्षी, 1878 मध्ये, त्याने या यंत्राचे उपयोग सांगणारा एक लेख लिहिला. त्यात अंध व्यक्तींना ऐकता येतील अशी पुस्तके हा एक उपयोग त्याने सांगितला होता. पण त्या वेळच्या नळकांड्यांवर दोन-चार मिनिटांचेच बोलणे मावे. खरे काम सुरू झाले ते 1930 नंतरच्या काळात, जेव्हा सावकाश फिरणाऱ्या, लांब पल्ल्याच्या तबकड्या आल्या. अमेरिकेत 1934 च्या सुमारास आणि इंग्लंडमध्ये 1935 साली अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची ग्रंथालय-सेवा सुरू झाली. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे 25 मिनिटांचे वाचन मावे. आपल्या सात तासांच्या पुस्तकाला त्या हिशेबाने नऊ तबकड्या लागल्या असत्या. पहिल्या महायुद्धात ज्यांचे डोळे गेले होते असे कित्येक सैनिक या पुस्तकांचे पहिले वाचक होते.

पुढे तबकड्या जाऊन कॅसेट आल्या. आपल्याकडे 1952 साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय चालवले. कॅसेटनंतर सीडी आली, आणि सीडीही मागे पडून आता सारे मोबाइलमध्ये आले. सांगायचा मुद्दा असा, की बोलके पुस्तक जन्मले ते करमणुकीच्या बाजारात नव्हे, ग्रंथालयाच्या देवघेव विभागात. ते प्रथम उसने दिले गेले आणि पुष्कळ नंतर विकले जाऊ लागले. आपल्याकडे मराठीत मात्र गाडी उलट्या बाजूने आली आहे.

परगावचे वाचनालय ते कसे उसने देते?

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2003 साली इंटरनेटवरून पुस्तके उसनी देण्यास सुरुवात केली. त्यामागची यंत्रणा ओव्हरड्राइव्ह या कंपनीची होती. याच कंपनीने 2017 साली लिबी नावाचे मोबाइल ॲप काढले. त्याची रीत अशी आहे. सभासदाने आपल्या ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक ॲपमध्ये घालायचा. मग त्या ग्रंथालयाकडे असलेली सारी बोलकी पुस्तके यादीत दिसतात. हवे ते निवडावे आणि ‘उसने घ्या’ म्हणावे. दोन-तीन आठवड्यांची मुदत मिळते. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते. उशिराचा दंड नाही, पान फाटल्याची तक्रार नाही, पावसात भिजण्याची भीती नाही.

आता तुम्ही म्हणाल, आवाजाचीच तर बाब आहे. हजार प्रती काढल्या तरी खर्च नाही, मग सर्वांना एकदम का देत नाहीत? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर यंत्रात सापडणार नाही, ते करारात सापडते. ग्रंथालय बोलक्या पुस्तकाची ‘प्रत’ विकत घेत नाही, ते वापरण्याचा परवाना घेते. पुष्कळ परवान्यांची अट असते, एक प्रत तर एका वेळी एकच वाचक. म्हणून लोकप्रिय पुस्तकाला तिथेही रांग असते आणि सभासदाला आपला नंबर लावून वाट पाहावी लागते. काही परवाने ठरावीक काळाने संपतात, काही ठरावीक वेळा दिल्यावर संपतात. वाचायच्या ई-पुस्तकांच्या बाबतीत हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने 2011 साली नियम केला, की 26 वेळा उसने दिल्यावर ग्रंथालयाने परवाना पुन्हा विकत घ्यावा. ग्रंथपालांनी त्यावर पुष्कळ आरडाओरडा केला. लेखक-प्रकाशकांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही; पुस्तक फुकट फिरत राहिले, तर लिहिणाऱ्याच्या घरची चूल कशी पेटायची? या दोन बाजूंमधून वाट काढण्याचे काम ग्रंथालयाने करायचे असते, आणि तिथली ग्रंथालये ते करीत आहेत.

नवी मुंबईतले चित्र

मी राहतो त्या नवी मुंबईकडे आता वळू. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. इथे महानगरपालिकेची वाचनालये आहेत, वाशीला साहित्य मंदिर आहे, ऐरोलीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे. वाचणारे लोक आहेत. पण त्यांचा वेळ कुठे जातो बघा. पनवेलहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हार्बर लाइनच्या गाडीने सव्वा तासाहून अधिक लागतो. जाऊन-येऊन रोजचे अडीच तास झाले. सकाळच्या गर्दीत हात वर करून कडी धरलेली असते. पुस्तक उघडायला जागा नाही. कान मात्र मोकळे असतात. सहा दिवसांच्या आठवड्यात पंधरा तास, म्हणजे आपल्या हिशेबाने दोनशे पानी दोन पुस्तके आठवड्याला होऊ शकतात.

तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार पाहा. त्यांतले पुष्कळजण सातारा-सांगलीकडचे आहेत. कदाचित तुमच्याच गावचे, तुमच्याच घरचे असतील. दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसाचे डोळे रात्री बारीक टाइपावर ठरत नाहीत. पण अंथरुणावर पडल्या पडल्या अर्धा तास चांगले पुस्तक ऐकायला तो नाही म्हणणार नाही.

अशा माणसाला मराठी बोलके पुस्तक मिळते का? मिळते, पण पैसे मोजून. 2017 साली स्टोरीटेल या स्वीडनच्या कंपनीने भारतात पाऊल टाकले आणि पहिल्यापासूनच मराठीला जागा दिली. इतर काही मंडळींनीही मराठी बोलकी पुस्तके काढली आहेत. नामवंत नटांनी ती वाचली आहेत आणि त्यांतली पुष्कळ ऐकण्यासारखी आहेत. हे काम चांगले झाले, यात शंका नाही. परंतु त्याची रीत बहुधा मासिक वर्गणीची आहे. वर्गणी थांबली की सारे कपाट बंद. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला शंभर पुस्तके, ज्याच्याकडे नाहीत त्याला एकही नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डावर मराठी बोलके पुस्तक उसने न्यावे, ही सोय मात्र अजून आपल्याकडे सर्रास झालेली नाही.

यात कोणते मोठे नुकसान, असे कोणी विचारील. नुकसान असे, की वाचनालयाने छापील पुस्तकाच्या बाबतीत गरीब-श्रीमंत हा भेद पुष्कळसा पुसून टाकला होता. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 साली निघाले ते याचसाठी. माणूस एकटा जी पुस्तके विकत घेऊ शकत नाही, ती सर्वांनी मिळून घ्यावीत आणि आळीपाळीने वाचावीत, हा त्यामागचा विचार होता. आता पुस्तक कागदावरून आवाजात येत असताना वाचनालय जर मागेच राहिले, तर तो पुसलेला भेद पुन्हा उमटेल. आणि तो सर्वांत आधी बोचेल तो ज्यांना डोळ्यांनी वाचताच येत नाही त्यांना.

ज्यांना कानांवाचून वाट नाही

2011 च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या 50 लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे 5 लाख 74 हजार एकट्या महाराष्ट्रातल्या आहेत. शिवाय पक्षाघाताने हात लुळे पडल्यामुळे पुस्तक धरता येत नाही असे लोक आहेत. डोळे चांगले असूनही अक्षरे जुळवताना अडखळणारी, अध्ययन-अक्षम म्हणून ओळखली जाणारी मुले आहेत. या सर्वांसाठी बोलके पुस्तक ही चैन नाही, त्यांची ती गरज आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, या बाबतीत दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट ‘सुगम्य पुस्तकालय’ ही. ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेले हे इंटरनेटवरचे ग्रंथालय आहे. केंद्र सरकारचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून ते उभारले. अनेक भारतीय भाषांमधली पुस्तके ब्रेलमध्ये छापण्याजोग्या रूपात, मोबाइलला वाचून दाखवता येईल अशा रूपात आणि काही ध्वनिरूपात तिथे आहेत. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही, अशांनाच सभासद होता येते. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो आणि फोरमशी जोडलेल्या एखाद्या संस्थेमार्फत नाव नोंदवता येते. तुमच्या शाळेत असे एखादे मूल असेल, तर त्याचे नाव नोंदवून देणे हे एका दुपारचे काम आहे. त्या मुलाला मात्र ते जन्मभर पुरेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या प्रताधिकार कायद्यात 2012 साली एक मोलाची दुरुस्ती झाली. ज्याला नेहमीच्या रूपातले पुस्तक वापरता येत नाही अशा दिव्यांग व्यक्तीसाठी, त्याच्या खाजगी वापराला, अभ्यासाला किंवा संशोधनाला, कोणीही पुस्तकाची सोयीची प्रत तयार करून देऊ शकतो. त्याला लेखकाची वा प्रकाशकाची वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे वर्गातल्या मुलीने आपल्या अंध मैत्रिणीसाठी इतिहासाचे पुस्तक मोबाइलवर वाचून भरून दिले, तर तो गुन्हा नाही. कायदाच तिच्या बाजूला आहे. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही ही मुभा आहे. अट एवढीच, की नफा कमवायचा नाही, फार तर प्रत तयार करण्याचा खर्च घ्यायचा, आणि ती प्रत इतर बाजारात फिरणार नाही याची काळजी घ्यायची. 2013 साली मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावर एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जून 2014 मध्ये त्याला रीतसर मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. कायद्यात आपण जगाच्या पुढे गेलो. गावात मात्र तो कायदा अजून पोहोचायचा आहे.

सर्वांसाठी खुला असलेला दरवाजा

बाकीच्या वाचकांसाठीही एक दरवाजा उघडा आहे. भारतात लेखकाचा प्रताधिकार त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. ही 60 वर्षे मृत्यूच्या पुढल्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजतात. त्यानंतर ते लेखन सर्वांचे होते. ते छापायला, वाचून ध्वनिमुद्रित करायला, वाटायला कोणाची परवानगी लागत नाही.

उदाहरण घ्या. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके 1 जानेवारी 2011 पासून सर्वांची झाली. ‘श्यामची आई’ त्यांत आलेच. हरि नारायण आपटे 1919 साली गेले, लक्ष्मीबाई टिळक 1936 साली गेल्या. त्यांचे लेखनही खुले आहे. उलट आचार्य अत्रे 1969 साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके 2029 अखेरपर्यंत प्रताधिकारात आहेत. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले, त्यांची 2060 अखेरपर्यंत. अशा पुस्तकांना परवानगी घेतलीच पाहिजे. आणखी काही खाचाखोचा आहेत. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला कोणी नवी प्रस्तावना किंवा टीपा जोडल्या असतील, तर त्या नव्या लेखकाच्या असतात. त्या वाचू नयेत. अनुवाद असेल तर अनुवादकाचा अधिकार वेगळा. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची मुदत प्रसिद्धीच्या वर्षावरून मोजतात. एवढे पाहून घेतले, म्हणजे पुढे निर्धास्तपणे जावे.

2005 साली सुरू झालेला लिब्रिवॉक्स नावाचा जगभरचा उपक्रम याच पायावर उभा आहे. प्रताधिकारातून मुक्त झालेली पुस्तके स्वयंसेवक आपापल्या घरी बसून वाचतात आणि ती वाचने सर्वांना फुकट मिळतात. हे आपल्या गावच्या शाळेला आणि वाचनालयाला का जमू नये?

‘श्यामची आई’च घेऊ. ते पुस्तक 42 रात्रींत विभागलेले आहे. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, म्हणजे मुळातच ते ऐकायचे पुस्तक आहे. 42 रात्री म्हणजे 42 वाचने. सातवी-आठवीतली चांगली वाचणारी मुले, दोन-तीन शिक्षक, निवृत्त होऊन गावी आलेले एखादे मास्तर, आणि अस्सल कोकणी वळणाने बोलणारी एखादी आजीबाई, असे मिळून ते वाटून घ्यावे. साधा मोबाइल चालतो. खोली मात्र निवडून घ्या. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो. गाद्या-गोधड्या ठेवलेली लहान खोली उत्तम. पंखा बंद करा, मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाका, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे श्वासाचे फुत्कार येत नाहीत. वाचण्यापूर्वी मजकूर एकदा मोठ्याने वाचून पाहा. चूक झाली तर थांबून ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणा. चुकलेला तुकडा नंतर कापता येतो. आरंभी पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, रात्र कितवी आणि वाचणाऱ्याचे नाव सांगा. मुलाचे नाव त्यात येणार असेल, तर पालकांना आधी विचारून घ्या.

या 42 फायली वाचनालयाच्या संगणकावर ठेवायच्या, दाखल-नोंदवहीत त्यांना इतर पुस्तकांसारखा क्रमांक द्यायचा आणि जो सभासद मेमरी कार्ड घेऊन येईल त्याला भरून द्यायच्या. हे पुस्तक परत मागायचीही गरज नाही. दिव्यांग सभासदांसाठी केलेल्या प्रताधिकारातल्या पुस्तकांची कपाटे मात्र वेगळी आणि नोंदवही वेगळी ठेवावी. व्हॉट्सॲपवर कुणीतरी ढकललेली नव्या कादंबरीची फुकट ध्वनिफीत या कपाटात येता कामा नये. ती उसनवारी नाही, ती उचलेगिरी आहे.

दोन शंका

शिक्षकांकडून नेहमी एक शंका येते. ऐकायची सवय लागली, तर मुले वाचतील का? शंका रास्त आहे. ज्या मुलाला अजून वाचन यायचे आहे, त्याला नुसते ऐकवून भागणार नाही. त्याच्या हातात पुस्तक द्यावे आणि आवाजाबरोबर ओळीवर बोट फिरवायला सांगावे. जोडाक्षरापाशी आवाज कसा वळतो, स्वल्पविरामापाशी कुठे थांबतो, हे त्याला आपोआप कळते. ज्याला वाचता येते, त्याचे म्हणाल तर चांगले ऐकलेले पुस्तक पुन्हा हातात घ्यावेसे वाटते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आणि ज्याला वाचता येणे शक्यच नाही, त्याच्यापुढे हा प्रश्नच उभा करणे बरे नव्हे.

दुसरी शंका अशी, की आता मोबाइल स्वतःच मजकूर वाचून दाखवतो, मग माणसाने कशाला वाचायचे? यंत्राचा आवाज वर्तमानपत्राला, परिपत्रकाला, पाठ्यपुस्तकाला जरूर उपयोगी आहे आणि तो दिवसेंदिवस सुधारतो आहे. पण त्याची एक अडचण आहे. मजकूर युनिकोड अक्षरांत असेल तरच त्याला तो नीट वाचता येतो. मराठीतली पुष्कळ पुस्तके जुन्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत, किंवा पानांचे नुसते फोटो काढून ठेवलेली आहेत. तिथे यंत्र अडखळते. शिवाय कथेतला हुंदका, विनोदातला थांबा आणि बोलीचा हेल माणसालाच साधतो. दोन्ही आवाज असू द्यावेत.

वाचनालयाचे काम

कोणी म्हणेल, वाचनालयाने कागदाचीच पुस्तके सांभाळावीत, हे नवे लचांड कशाला? त्यांना बडोद्याची हकिगत सांगावी. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत. परंतु प्रजेतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. म्हणून त्याच ग्रंथालय खात्याने चित्रे, मॅजिक लँटर्न आणि चित्रपट दाखवणारा एक विभाग चालवला. ज्याला वाचता येत नाही तोही ग्रंथालयाचाच वाचक, असे त्या राज्याने धरले होते. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे त्यांतले दोन आहेत.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो वाचनालये त्याखाली शासनाचे अनुदान घेऊन चालतात. अनुदान तोकडे आहे, सेवकांचे पगार तुटपुंजे आहेत, हे मला ठाऊक आहे. नव्या लेखकांची बोलकी पुस्तके परवाना घेऊन उसनी द्यायची, तर ते एकट्या-दुकट्या वाचनालयाला परवडणार नाही. राज्याने सर्वांच्या वतीने प्रकाशकांशी बोलूनच ते होईल. ती मागणी आपण ग्रंथालय संघांमार्फत लावून धरली पाहिजे. पण खुली पुस्तके आणि दिव्यांगांची पुस्तके यांसाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला पुस्तक बदलायला वाचनालयात जाल, तेव्हा ग्रंथपालांना दोन प्रश्न विचारा. आपल्या गावात डोळ्यांनी वाचता न येणारे किती लोक आहेत, याची नोंद तुमच्याकडे आहे का? आणि त्यांना देता येईल असे एक तरी बोलके पुस्तक कपाटात आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर नाराज होऊन परत फिरू नका. पहिल्या रात्रीचे वाचन मी करतो, असे सांगा आणि त्यांच्याकडून ‘श्यामची आई’ची प्रत घेऊन घरी या.